तो ड्रम विकून टाका

दिवाळीला पंधरा दिवस उरले की निशिगंधाबाई कमरेला पदर खोचत, केरसुणी हातात घेत आणि पहिलं जळमट पाडायच्या आधी म्हणत, "अहो, तो ड्रम विकून टाका."

पलटणीतून निवृत्त होऊन अठरा वर्षं झालेले सुभेदार ज्ञानोबा शेलार पेपरातून मान वर न काढता म्हणत, "विक की. पर माझ्यासकट विक."

"तुम्हाला कोण घेतंय!" म्हणून निशिगंधाबाई चहा टाकायला आत जात.

झालं. ड्रमचा विषय वर्षभरासाठी संपला. सत्तावीस दिवाळ्या हे असंच चाललं होतं, आधी पठाणकोटला, मग जबलपूरला आणि आता जयपुरात. पहाऱ्यावरचा शिपाई परवलीचा शब्द विचारतो, समोरचा ठरलेलं उत्तर देतो आणि पुढे जातो. त्या शब्दाचा अर्थ काढत कोणी बसत नाही. शेलारांकडेही कोणी बसलं नव्हतं.

यंदा मात्र ज्ञानोबांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढून तिच्यावर ठेवला आणि म्हणाले, "बरं. विकू या."

निशिगंधाबाईंची केरसुणी छताला टेकली ती तिथंच राहिली.

"काय म्हणालात?"

"विकू या म्हटलं. गिऱ्हाईक बी हाय."

एक जळमट सावकाश खाली आलं आणि निशिगंधाबाईंच्या खांद्यावर बसलं. त्यांनी ते झटकलं नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि पुढचा कोपरा झाडायला गेल्या. चहा त्या दिवशी ज्ञानोबांना स्वतःच्या हातानं करून प्यावा लागला, आणि तोही साखर सापडेपर्यंत निवून गेला.

आता ड्रम म्हणजे गच्चीवरचा पाण्याचा पिंप नव्हे. साठएक वर्षांपूर्वी पलटणीच्या जॅझ बँडसाठी थेट विलायतेहून आलेला तो संच होता. पायानं वाजवायचा मोठा ड्रम, बाकीचे तीन लहानमोठे, सगळ्यांवर मोराच्या मानेसारखा निळा चकाकता पत्रा, आणि स्टँडवर अडकवायच्या दोन मोठ्या गोल पितळी थाळ्या. या थाळ्यांना बँडवाले सिंबल म्हणतात. ज्ञानोबा पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून भरती झालेले. गावच्या यात्रेत हलगी वाजवणारं पोर म्हणून बँडमास्तरांनी त्यांना उचललं आणि या निळ्या संचामागं बसवलं. सकाळी परेड, संध्याकाळी ऑफिसर मेस. साहेब लोक मडमांना घेऊन नाचत आणि ज्ञानोबा मान खाली घालून त्यांचे पाय हलवत. आपल्या हाताच्या इशाऱ्यावर ब्रिगेडियर नाचतो, हे त्यांनी गावी कितीदा सांगितलं असेल याची मोजदाद नाही.

पुढे नवा संच आला आणि हा 'कंडेम', म्हणजे बाद, झाला. फौजेत एकदा एखादी वस्तू कंडेम झाली की ती कितीही चांगली असो, तिला दारात उभं करत नाहीत. पलटणीतच लिलाव झाला. बोली एकच लागली, ज्ञानोबांची, कारण दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ड्रम न्यायची अवदसा दुसऱ्या कोणाला आठवली नाही. स्टोअरच्या कारकुनानं वर परेडच्या दोन जुन्या झांजाही गळ्यात मारल्या. त्यांतल्या एकीच्या काठाला सुपारीएवढा टवका उडालेला होता. हणमंत नावाच्या बँडवाल्यानं ती ऐन संचलनात, प्रमुख पाहुण्यांच्या पुढ्यात पाडली होती. तेव्हापासून झांज कंडेम आणि हणमंत स्वयंपाकघरात.

झांजाही शेवटी स्वयंपाकघरातच गेल्या. गव्हाच्या पिंपावर एक आणि पिठाच्या डब्यावर टवक्याची. झाकण म्हणून त्या इतक्या बेमालूम बसल्या की या कधीकाळी वाजत होत्या हे घरात सगळे विसरले.

सिंबलांचं तसं नव्हतं. त्या जुन्या तांब्याच्या हंड्यासारख्या तपकिरी पडलेल्या होत्या आणि त्यांवर कारागिराचा पुसट होत चाललेला विलायती शिक्का होता. ड्रम घरात आला त्याच महिन्यात निशिगंधाबाई ब्रासोची बाटली आणि फडकं घेऊन त्यांतल्या एकीवर बसल्या होत्या. फौजीची बायको ती. बक्कल, बटण, दाराची कडी, जे पिवळं दिसेल ते चमकवायचं, एवढं तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलेलं असतं. रुपयाएवढी जागा उजळली असेल नसेल, ज्ञानोबा दारातून ओरडले. सिंबल घासायची नसते. वरचा थर गेला की शिक्का जातो, आणि जाणकाराच्या लेखी मग ती परात. दोन दिवस ते बायकोशी बोलले नाहीत. तो रुपयाएवढा पिवळा डाग सिंबलवर अजून होता, आणि निशिगंधाबाई तेव्हापासून ब्रासो घेऊन सिंबलच्या वाऱ्याला उभ्या राहिल्या नव्हत्या.

निवृत्तीनंतर शेलारांनी जयपुरातच, गोपालपुऱ्याला, छोटं घर बांधलं. शेवटची बदली इथली, लेक सोनल इथंच कॉलेजात, आणि निशिगंधाबाईंच्या दम्याला इथली कोरडी हवा मानवलेली. गच्चीवर ड्रमसाठी खोली काढली. काही वर्षं संध्याकाळी तासभर ड्रम वाजायचा. मग आजूबाजूला कोचिंग क्लास आले, क्लासमागून होस्टेलं आली, आणि एके दिवशी शेजारच्या होस्टेलचा वॉर्डन देवराम हात जोडून दारात उभा राहिला. "सूबेदार साब, बच्चों की परीक्षा है. बस इस महीने."

ज्ञानोबांनी शब्द दिला. पण गोपालपुऱ्यात एक परीक्षा संपते तेव्हा दुसरीचे फॉर्म भरून झालेले असतात. तो महिना नऊ वर्षं चालला होता. ज्ञानोबा नंतर त्या खोलीत गेलेच नाहीत. हात लावता येत नसेल तर बघायचं तरी कशाला, असा सरळ फौजी हिशेब. जेवणाच्या ताटावर बोटं आपटत, दुधाच्या पिशव्या आणत, पेपर वाचत ते राहिले होते.

वर जायच्या त्या निशिगंधाबाई. दर गुरुवारी हातात मऊ फडकं घेऊन बावीस पायऱ्या. "राजस्थानची धूळ आहे. आठवड्यात बोटभर बसते," म्हणायच्या. यंदाच्या पावसाळ्यापासून त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. खाली खुर्चीत बसून ज्ञानोबांना सगळं ऐकू यायचं. दोन पायऱ्या, मग कठड्याला धरून थांबणं, मग "आई गं", मग पुन्हा दोन पायऱ्या. जे आपण बघतसुद्धा नाही त्याच्या धुळीसाठी ही बाई गुडघे झिजवते, आणि सत्तावीस वर्षं विका विका म्हणते ते आपण थट्टेवारी नेतो. ज्ञानोबांना मनापासून लाज वाटली. त्यांनी ठरवलं, या दिवाळीला हिचं ऐकायचं.

गिऱ्हाईक गणपतीत भेटलेलं होतं. मराठी मंडळाच्या आरतीला ज्ञानोबा टाळ वाजवत होते तेव्हा तिलक नगरच्या पाटणकरांचा निनाद त्यांच्या मनगटाकडे टक लावून बघत राहिला. वडील बँकेत, बदलीवर आले ते इथंच राहिले. मुलगा इथंच जन्मलेला, तिशीचा, केसांची शेंडी बांधणारा, आणि शहरातल्या सी-स्कीम भागात एका तळघरात त्याचा गाण्यांचं रेकॉर्डिंग करायचा स्टुडिओ. प्रसाद खाता खाता ड्रमचा विषय निघाला तर त्याच्या हातातला मोदक पडायचा राहिला. "काका, मतलब, साठ सालचा? ओरिजिनल? कधी विकायचा असेल तर आधी मला सांगायचं हां. प्रॉमिस."

आता ज्ञानोबांनी त्याला फोन केला. त्यानं फोटो मागितले. नऊ वर्षांनी ज्ञानोबा ती खोली उघडून आत गेले. चादर काढली तर खाली धुळीचा कण नाही. निळा पत्रा तसाच्या तसा. त्यांनी घाईघाईनं सहा फोटो काढले, चादर टाकली आणि खाली येऊन बराच वेळ नळाखाली हात धरून उभे राहिले.

निनादचा निरोप लगेच आला. सिंबलवरचा शिक्का मोठा करून बघितल्याचं आणि त्यामुळे झोप उडाल्याचं त्यानं कळवलं होतं. ड्रम चांगलेच आहेत, पण असली चीज त्या दोन सिंबल आहेत. रविवारी सकाळी येतो.

"रविवारी येतोय," ज्ञानोबांनी सांगितलं.

"येऊ दे की," निशिगंधाबाई म्हणाल्या. "घरी माणूस यायचं म्हणजे वस्तू जरा स्वच्छ नको करायला? मी करते. तुम्ही मधे लुडबुडू नका."

शनिवारी त्यांनी ज्ञानोबांना यादी देऊन बाजारात पिटाळलं. यादीत हिंग, दोरी आणि ठरावीक एकाच दुकानातली ठरावीक पणती असं कायकाय होतं. ज्ञानोबा दोन तासांनी परतले तर बावीस पायऱ्यांवरून ब्रासोचा वास खाली उतरत होता. निशिगंधाबाई घामाघूम, बोटं काळी, चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान.

"काय काय घासलंस?" त्यांनी विचारलं.

"दिसेल उद्या."

सिंबलला तर लावलं नाही ना, हे शब्द ज्ञानोबांच्या ओठांवर आले आणि त्यांनी गिळले. आता विकायचंच आहे तर काय. पण मनात टोचत राहिलं. किती घाई हिला! गुडघे दुखत असताना वर जाऊन बसली, म्हणजे घरातून कधी एकदा जातंय असं झालंय. एवढा का ड्रम जड झाला होता? एवढा का आपण? रात्री जेवताना त्यांनी ताटावर बोटं आपटली नाहीत. निशिगंधाबाईंनी दोनदा त्यांच्या हाताकडे बघितलं आणि आमटी वाढली.

रविवारी निनाद दहाच्या ठोक्याला आला. हातात मिठाईचा डबा, खिशात दोन काठ्या. काकूंच्या पाया पडला आणि तीन तीन पायऱ्या चढत गच्चीवर पोचला. मागून ज्ञानोबा, त्यांच्या मागून कठडा धरत निशिगंधाबाई.

ज्ञानोबांनी चादर ओढली.

खोलीत दिवा लावल्यासारखं झालं. दोन्ही स्टँडवर लखलखीत पिवळी धमक तोंडं, इतकी की निनादच्या चष्म्यावर कवडसे नाचायला लागले. शिक्का नाही, तपकिरी थर नाही, काही नाही. कुठल्याही परेडच्या तपासणीला शंभर पैकी शंभर.

निनादनं चष्मा वर करून शिक्क्याची जागा शोधली. मग म्हणाला, "काका... हे... मतलब, हे पॉलिश केलंत?"

सत्तावीस वर्षं जपलेल्या सिंबल, एका शनिवारी! मागे वळून बायकोवर ओरडणार तोच ज्ञानोबांची नजर डावीकडच्या थाळीच्या काठावर गेली. तिथं टवका उडालेला होता. सुपारीएवढा.

हणमंतची झांज.

ज्ञानोबांनी उजवीकडे बघितलं. गव्हाच्या पिंपावरची. स्टँडवर ऐटीत बसलेली, जन्मात कधी इतकी चमकली नसेल. त्यांनी मागे बघितलं. निशिगंधाबाई खिडकीतून होस्टेलच्या गच्चीवर वाळणारे कपडे मोजत असल्यासारख्या उभ्या होत्या. कान मात्र लाल झालेले.

"शिक्का होता ना, काका?" निनादचा आवाज रडवेला झाला होता. त्यानं काठीनं टवक्याच्या झांजेवर हलकेच मारलं. ठण्ण. चौकातल्या कढईवर झारा आपटावा तसा. त्यानं डोळे मिटले. "गेलं. आवाजपण गेला."

आता एका वाक्याचा प्रश्न होता. 'या त्या नव्हेत' एवढं म्हटलं की झालं, सिंबल खालून आणता आल्या असत्या. ज्ञानोबांनी नोकरीत कधी खोटी हजेरी लावली नव्हती की खोटी रजा मागितली नव्हती. पण बायको खिडकीशी उभी होती आणि मागे वळत नव्हती. तिनं हे का केलं ते त्यांना नीट उमगलं नव्हतं. एवढंच कळलं की ड्रम जायला नको आहे. तिलाही. हे 'तिलाही' मनात उमटलं तेव्हा आपल्यालाही तो जायला नकोच होता, हे त्यांनी स्वतःशी पहिल्यांदा कबूल केलं.

ते खाकरले. "आमच्यात चमकवायची रीत हाय बाबा. पावणा येणार म्हटल्यावर हात गप राहत न्हाईत."

यात खोटं असं काही नव्हतं. खरंही फारसं नव्हतं.

निनाद उदास होऊन स्टुलावर बसला. सिंबल गेल्यावर बाकीचा संच अर्धाच, आणि अर्धा संच मला नको, असं त्यानं सरळ सांगितलं. काकांना वाईट वाटू नये म्हणून "होतं असं" असंही म्हणाला. ते ऐकून निशिगंधाबाईंना मात्र भलतंच वाईट वाटलं. पोराचा चेहरा बघून त्यांना राहवेना. "आता आलायस तर जेवूनच जा," त्या म्हणाल्या. "पिठलं-भाकरी करते. आवडते?"

"बाजरीची?" निनादनं मान वर केली. "आमच्याकडे आईपण आता दाल-बाटीच बनवते, काकू."

हे ऐकल्यावर कुठली मराठी बाई माघार घेणार?

निनाद स्वयंपाकघरातच पाटावर बसला. ज्ञानोबा त्याच्याशेजारी. बसता बसता त्यांनी कोपऱ्यातल्या गव्हाच्या पिंपाकडे आणि पिठाच्या डब्याकडे डोळा टाकला. दोन्हींवर चौकड्यांचे टॉवेल पांघरलेले होते. आजवर कधी नव्हते. निशिगंधाबाईंनी पीठ आधीच परातीत काढून ठेवलं होतं, बेतानं चार भाकऱ्यांचं. बाई पलटणीत असती तर सुभेदार-मेजर होऊन निवृत्त झाली असती, असं ज्ञानोबांना वाटून गेलं.

पण मोहिमेचा बेत करताना त्यांनी निनादची भूक धरली नव्हती. दुःखी माणूस इतकं जेवतो हे कोणाच्या ध्यानात येणार? तिसरी भाकरी त्यानं हिरव्या मिरचीच्या ठेच्याशी संपवली, चौथी काकांच्या ताटात पडायच्या आत स्वतःच्या ताटात घेतली आणि पिठल्याची कढई चाटूनपुसून म्हणाला, "काकू, अजून एक मिळेल?"

निशिगंधाबाईंचा हात परातीत थांबला. परात रिकामी. दिवाळीच्या तोंडावर, जेवायला बसलेल्या पोराला 'पीठ संपलं' म्हणायचं? ते शब्द त्यांच्या घराण्यात कोणी उच्चारले नव्हते. शाळामास्तरांची लेक होती ती.

"हो, करते की," त्या म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

"मी देतो पीठ काढून," म्हणत ज्ञानोबा उठले. निनादकडे पाठ करून आडोसा केला, टॉवेलसकट झाकण उचललं. पण पासष्टी उलटलेल्या माणसानं तेलकट टॉवेलवर भरवसा ठेवू नये. टॉवेल हातात राहिला आणि झाकण निसटून डब्याच्या काठावर पडलं.

आवाज झाला तो ठण्ण नव्हता. आधी बारीक झाला, मग पसरला, मग स्वयंपाकघराच्या चारी भिंतींना हात लावून पुन्हा मधोमध आला आणि तिथं कितीतरी वेळ रेंगाळत राहिला. ओट्यावरच्या वाट्या हलकेच किणकिणल्या. ज्ञानोबांनी हा आवाज नऊ वर्षांत ऐकला नव्हता. टॉवेल तसाच हातात धरून ते उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

निनादचा घास तोंडाशी थांबला होता. आवाज पुरता विरेपर्यंत त्यानं ऐकलं. मग डब्याकडे बघितलं. तपकिरी थाळी, मधे पुसट शिक्का, काठाजवळ रुपयाएवढा पिवळा डाग आणि सगळ्यावर बाजरीचं पीठ.

तव्यावरच्या कोरड्या पिठाचा जळका वास यायला लागला.

"काकू," निनाद शेवटी म्हणाला, "तुमच्या डब्याचं झाकण मस्त आहे."

"आहे खरं," निशिगंधाबाई म्हणाल्या. मान तव्यातच.

"विकायचं आहे?"

त्यांनी मान वर केली. चेहरा रडू की हसू अशा बेतात होता. "झाकण विकलं तर पिठात पोरकिडे होतील रे बाळा."

निनाद आधी गालात हसला, मग पाटावर मागे रेलून असा मोठ्यानं हसला की हातातला घास ताटात पडला. ज्ञानोबा ओशाळून हसले. निशिगंधाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि डोळे पुसायच्या निमित्तानं त्याही हसून घेऊ लागल्या.

"माफ कर बाबा," ज्ञानोबा म्हणाले. "तुला फुकट हेलपाटा घातला."

"फुकट कुठे? चार भाकऱ्या झाल्या, पाचवी येतेय." निनादनं ताट पुढे सरकवलं. "काका, माझ्या स्टुडिओच्या भिंतींना जाड फोम आहे. आत काहीपण वाजवा, बाहेर मतलब एकदम शांत. गुरुवारी दुपारी रिकामा असतो. या. आणि येताना ते झाकण घेऊन या. मला फक्त ऐकायचं आहे."

तो गेला तेव्हा एक वाजून गेला होता. ज्ञानोबा फाटक लावून परत आले. निशिगंधाबाई सिंबलवरचं पीठ मऊ फडक्यानं टिपत होत्या, त्या रुपयाएवढ्या डागाच्या बाजूबाजूनं, जपून.

"सत्तावीस वर्सं विका विका म्हणतीस," ज्ञानोबा म्हणाले. "म्हणून म्हटलं एकदा तुझ्या मनासारखं करावं. तुझे गुडघे..."

"माझ्या मनासारखं?" फडकं थांबलं. "अहो, मी विका म्हणते ते तुम्ही नको म्हणावं म्हणून. 'माझ्यासकट विक' ऐकलं की मला बरं वाटतं. माणूस ठणठणीत आहे, आपल्या जागी आहे, असं वाटतं. यंदा तुम्ही पेपर मिटून 'बरं' म्हणालात. म्हटलं डॉक्टरांनी काही सांगितलं की काय यांना. जीव जडलेली वस्तू माणूस असा मुकाट्यानं सोडायला लागला की भीती वाटते."

"मग तसं बोलायचं न्हाई व्हय तोंडानं?"

"तुम्ही बोललात? गुडघ्यांचं?"

ज्ञानोबांनी तिच्या हातातलं फडकं घेतलं. "दर गुरुवारी वर मी जाईन आता," ते म्हणाले. "धूळ माझी मी पुसीन. तू जिना चढायचा न्हाई."

"गुरुवारी तर तुम्ही सी-स्कीमला जाणार."

"मग बुधवारी."

ज्ञानोबांनी हणमंतची झांज वरून आणली आणि दोघांनी मिळून ती पिठाच्या डब्यावर पुन्हा बसवली. ती आता इतकी लखलखत होती की ओट्याशी उभं राहिलं की तिच्यात तोंड दिसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानोबा पेपर घेऊन खुर्चीत बसले. घर अर्धवट झाडलेलं तसंच राहिलं होतं. निशिगंधाबाईंनी पदर खोचला, केरसुणी घेतली, उरलेल्या जळमटांकडे बघितलं आणि नवऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तो ड्रम विकून टाका."

पेपर ज्ञानोबांच्या तोंडासमोर होता ते बरंच झालं. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं आपसूक वाजायला लागली होती.

"विक की. पर माझ्यासकट विक."

"तुम्हाला कोण घेतंय!" निशिगंधाबाई म्हणाल्या, आणि पाठोपाठ स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला.